तळहाताएवढं

ब्रशकाकांचा धंदा असा होता की काम चोख झालं तर पुढच्या वर्षी काम मिळू नये. लोकांच्या परसात, पायऱ्यांवर, पाण्याच्या टाकीभोवती, मोरीच्या कडेला जे हिरवं उगवतं ते खरवडून काढायचं, जागा धुऊन द्यायची आणि घरी यायचं. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. शेहेचाळीस घरं बांधलेली होती, प्रत्येक घरी वर्षातून एकदा फेरी. ओले महिने सरत आले, फरश्या निसरड्या झाल्या आणि घरातलं कुणीतरी सपशेल आपटलं, की दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप यायचा. माणूस आपटेपर्यंत फरशी घासून घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. आपटणारं माणूस बहुधा सासू असायचं, हाही अनुभवच.

त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. गल्लीतल्या पोरांनी ब्रशकाका म्हणायला सुरुवात केली, मग पोरांच्या आयांनी, आणि एक दिवस बायकोनेच दारातून "अहो ब्रशकाका, जेवायला या" अशी हाक मारली तेव्हा त्यांनी विषय सोडून दिला. त्यांच्या बादलीत एक तारेचा ब्रश, एक काथ्याचा, गवंड्याकडून आणलेली मोडकी थापी, पत्र्याचा तुकडा आणि पातं झिजून निम्मी राहिलेली भाजीची सुरी असे. गुडघ्याखाली घ्यायला जुन्या स्कूटरच्या सीटचा तुकडा होता. स्कूटर कधीच भंगारात गेली होती, सीट मात्र अजून नोकरीत होती.

लोकांच्या लेखी शेवाळ म्हणजे शेवाळ. ब्रशकाकांच्या लेखी त्यात बावीस प्रकार होते. ही नावं त्यांनी कुठे वाचली नव्हती. किती घासावं लागतं आणि घासताना कसं दिसतं, त्यावरून पाडली होती. विटांमधल्या चुन्यावर गोल टेकाड करून बसतं ते 'उशी'. पत्रा आडवा घातला की अख्खी निघते, भला प्रकार. फरशीच्या सांध्यात उगवतं आणि टोकाला चंदेरी दिसतं ती 'चांदी'. तिला सुरी लागते आणि वर चार शिव्याही लागतात. पालापाचोळा जाळलेल्या जागी उगवतं ते 'राखेवरचं'. कुंडीच्या मातीवर पानासारखं सपाट पसरतं आणि पाठीवर इवल्या इवल्या वाट्या मिरवतं ते 'वाटीवालं', आणि त्याच्यासारखंच पण वाटीऐवजी अर्धी कोर असलेलं ते 'कोरीचं'. ही दोन्ही महाहट्टी. नखाएवढा तुकडा राहिला तरी वर्षभरात कुंडी झाकून टाकतात.

आता, तुकडा राहिला तर, असं म्हटलं. तुकडा राहायचाच. तो ब्रशकाका मुद्दाम ठेवत.

हे त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. लग्न झालं तेव्हा ब्रशकाकांना नोकरी नव्हती आणि ती लागेल असं त्यांच्याकडे बघून कुणाला वाटतही नव्हतं. सासऱ्यांनी एक ब्रश त्यांच्या हातात दिला आणि सोबत नेलं. पहिल्याच दिवशी जावयाने जीव तोडून एक परस असं घासलं की फरशीत तोंड दिसावं. सासरे कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"सगळं काढलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुढच्या वर्षी काय काढाल? माझे केस?"

सासऱ्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, त्यामुळे मुद्दा लगेच पोचला. दुसऱ्या घरी त्यांनी पद्धत दाखवली. घरमालक वाकून बघणार नाही अशी ओली जागा शोधायची: नळाच्या मागे, शेवटच्या पायरीखाली, टाकीच्या पाठीशी. तिथल्या हिरव्यावर डावा तळहात बोटं जुळवून ठेवायचा. उजव्या हातातल्या पत्र्याने सभोवार खरवडायचं. मग हात उचलायचा. हाताखाली जे राहिलं ते राहिलं. "तळहाताएवढंच," सासरे म्हणाले. "कमी ठेवलं तर वाळतं, जास्त ठेवलं तर दिसतं." तेवढ्यातून वर्षभरात सगळं परस पुन्हा हिरवं व्हायचं, जुना तुकडा मात्र दाट म्हणून वेगळा ओळखू यायचा, सासू आपटायची, निरोप यायचा.

ब्रशकाकांना हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं. फसवणूक तळहाताएवढी असली तरी फसवणूकच. पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक घरातून निघताना ते पैसे न मोजताच खिशात घालायचे. पुढे मोजायचीही सवय झाली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी सासरे कामावरून आले, हात जड झाला म्हणाले, आडवे झाले आणि आठवड्याच्या आत गेले. बावीस घरं जावयाकडे आली. जावयाने ती शेहेचाळीस केली. सासऱ्यांच्या कामाचा लौकिक मोठा होता. म्हातारी माणसं अजून सांगत, काय घासायचे हो, हात फिरला की फरशी नवी. ब्रशकाकांच्या बायकोला हे ऐकायला फार आवडे. तिला सगळे काकू म्हणत. वडिलांची ती एकुलती एक. तळहाताची गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक होती, पण ती घरात कधी कुणी बोलून दाखवत नसे.

मॅडम आल्या त्या या सगळ्यात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, वय तिशीच्या आसपास, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. घराघरांच्या परसात किती प्रकारचं शेवाळ असतं याची त्यांना पाहणी करायची होती. लोक त्यांना दारातच उभं ठेवत. अनोळखी बाई येऊन "तुमच्या मोरीमागे झोपून बघू का?" असं विचारते, तेव्हा दार उघडणारा माणूस बुचकळ्यात पडणारच. तीन दिवसांत त्यांची दोनच घरं झाली आणि एका कुत्र्याशी झटापट झाली. शेवटी कुणीतरी सांगितलं, ब्रशकाकांना धरा, सगळ्यांच्या मागच्या दाराची कडी त्यांना माहीत आहे.

ब्रशकाका तयार झाले. का तयार झाले, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. ज्याला आयुष्यभर खरवडलं त्याची कुणीतरी चौकशी करत होतं, एवढंच कारण असावं.

चार महिने दोघं घरोघर हिंडले. मॅडम पालथ्या पडून बघायच्या, कागदाच्या घडीत चिमूटभर घ्यायच्या, पट्टीने लांबी-रुंदी मोजायच्या, वहीत लिहायच्या. ब्रशकाका स्कूटरची सीट पुरवायचे. पहिल्या आठवड्यातच, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या परसात, मॅडमनी त्यांच्या डोळ्यापुढे भिंग धरलं. खाली 'वाटीवालं' होतं. ब्रशकाकांनी ते आयुष्यात हजारदा उपटलं असेल. भिंगातून त्यांना वाटीची कड दिसली, बारीक दात्यांची, आणि वाटीत मसुरीच्या डाळीपेक्षा कितीतरी लहान अशा हिरव्या चकत्या, ढिगाने. मॅडम म्हणाल्या, पाण्याचा थेंब वाटीत पडला की या चकत्या उडतात आणि पडतील तिथे नवं रोप होतं. ब्रशकाका बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे मी बादलीने पाणी मारतो तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा तुम्ही पेरणी करता," मॅडम म्हणाल्या.

ब्रशकाकांनी भिंग परत दिलं. सासऱ्यांना हे कळलं असतं तर तळहात ठेवायचा त्रास वाचला असता, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पत्र्याची धार बोटाने तपासली आणि पत्रा परत बादलीत टाकला. आपल्याला हे काम करायला आवडतं की हे हिरवं बघायला आवडतं, हा प्रश्न त्यांना एकतीस वर्षांत पडला नव्हता. आता पडला, आणि उत्तर धंद्याला सोयीचं नव्हतं.

बावीस प्रकारांचं मात्र पार वाटोळं झालं. त्यांची 'उशी' म्हणजे तीन निरनिराळी शेवाळं निघाली. ज्यांना ते दोन समजत होते ते एकच निघालं, एक सावलीतलं आणि एक उन्हातलं. ब्रशकाकांना हे जिव्हारी लागलं. दोन दिवस ते मॅडमशी तुटक बोलले. शिवाय वाटीवालं आणि कोरीचं ही शेवाळंच नव्हेत, त्यांचं कूळ वेगळं, त्यांना लिव्हरवर्ट म्हणतात, असंही कळलं. पूर्वी कुणाला तरी त्यांचा आकार यकृतासारखा वाटला म्हणून ते नाव. हे मॅडमनी काकूंना सांगितलं तेव्हा त्या कपबशा विसळत होत्या.

"मग यकृताच्या दुखण्यावर चालतं?" काकूंनी विचारलं.

"नाही, त्याचा काही उपयोग नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग नाव कशाला दिलं?" काकू म्हणाल्या, आणि पुढची बशी विसळायला घेतली.

शेवटी आकडा ठरला. शेहेचाळीस घरांत सदतीस प्रकार: सव्वीस शेवाळं, दहा लिव्हरवर्ट आणि एक शिंगांसारखं उभं राहणारं तिसऱ्याच कुळातलं. मॅडम हरखून गेल्या होत्या. एवढ्याशा वस्तीत एवढे प्रकार कुणी मोजलेले त्यांच्या ऐकिवात नव्हते. आपला अहवाल लोकांना वाचून दाखवावा म्हणून त्यांनी ग्रंथालयाचा हॉल घेतला आणि घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या. सभेच्या तीन दिवस आधी त्या कच्चा मसुदा घेऊन ब्रशकाकांच्या स्वयंपाकघरात आल्या. सगळ्यात आधी तुम्हालाच, म्हणाल्या.

ब्रशकाका चहाचा कप धरून ऐकत होते. काकू ओट्याशी उभ्या होत्या. मॅडम वाचत होत्या: ही सगळी विविधता परसाच्या एका ठरावीक कोपऱ्यात टिकून आहे. नळामागे, पायरीखाली, टाकीच्या पाठीशी. आठ घरं सोडली तर प्रत्येक घरी एकच लंबगोल तुकडा, आणि नवल असं की सगळे तुकडे जवळपास सारख्या मापाचे, अठरा सेंटिमीटर बाय नऊ. ओलावा, सावली आणि भिंतीची ऊब यांचा तिथे काहीतरी मेळ बसत असावा. निसर्गानेच हा आसरा तयार केला आहे. त्यामुळे घरमालकांनी परस हवं तसं स्वच्छ करावं, घासावं, धुवावं. शेवाळ आपल्या कोपऱ्यात आपोआप टिकून राहतं.

"फक्त एक तुकडा मोठा आहे," मॅडम म्हणाल्या. "गल्लीतल्या त्या मापेसाहेबांच्या टाकीमागचा. साडेएकवीस बाय बारा. त्या एकट्यात अकरा प्रकार आहेत, आणि ते कोरीचं तर फक्त तिथेच आहे. पण एकाच घरी आहे, म्हणून अपवाद धरून बाजूला ठेवला."

ब्रशकाकांनी कपात बघितलं. चहा संपलेला होता.

"आणि ती आठ घरं?" त्यांनी विचारलं. शेहेचाळीसांतली ही आठ घरं दोन वर्षांपूर्वी मशीनवाल्याकडे गेली होती. मशीनवाला म्हणजे जोराच्या पाण्याचं यंत्र गाडीवर घालून फिरणारा एक हसतमुख तरुण. त्याचं पाणी नळामागे, पायरीखाली, सगळीकडे पोचायचं. त्या आठ घरांत मॅडमना काही म्हणजे काही सापडलं नव्हतं.

"त्यांच्या फरश्या नव्या असतील," मॅडम म्हणाल्या. "नव्या फरशीवर वेळ लागतो."

फरश्या नव्या नव्हत्या. मशीनने नव्या दिसत होत्या. ब्रशकाका म्हणाले, "मॅडम, हे आपोआप होत नसेल कदाचित." मॅडमनी विचारलं, मग कसं? ब्रशकाकांनी रिकामा कप ओट्यावर नेऊन ठेवला. मॅडम गेल्या.

दार लागल्यावर काकू म्हणाल्या, "सांगायचं मनात आहे तुमच्या."

"ती लिहितेय की हवं तसं धुवा, ते आपोआप टिकतं. उद्या सगळे मशीनवाल्याला बोलावतील. दोन वर्षांत एक तुकडा राहायचा नाही कुठे."

"आणि सांगितलंत तर गिऱ्हाईक राहायचं नाही."

"ते तसंही जाणारच आहे."

काकू ओटा पुसत राहिल्या. पुसून झालेला ओटा त्यांनी पुन्हा पुसला. "तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "पण हे काम तुम्हाला कुणी शिकवलं हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. तुम्ही तोंड उघडलंत की बाबांचं नाव निघणार. मेलेल्या माणसाला लबाड म्हणतील, आणि ते काही उत्तर द्यायला येणार नाहीत."

 सासऱ्यांनी त्यांना ब्रश दिला नसता तर ते आज कुठे असते हे त्यांना पक्कं माहीत होतं. कुठेच नसते. तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. काकूंनी सभेला येणार नाही असं सांगितलं.

सभेला हॉल भरला. लोकांना शेवाळाचं प्रेम होतं असं नाही, पण आपल्या घराचं नाव पडद्यावर दिसणार म्हणून सगळे आले होते. पुढच्या रांगेत मापेसाहेब होते. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, गल्लीतलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. ते काम झाल्यावर टॉर्च घेऊन परस तपासायचे. त्यांना गुडघ्यामुळे वाकता येत नसे, एवढ्यावरच ब्रशकाकांचं आजवर निभावलं होतं. मागे दाराशी मशीनवाला होता, खिशात कार्डांचा गठ्ठा घेऊन. काकूही आल्या होत्या. कडेच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन, नवऱ्याकडे न बघता.

मॅडमनी सगळं सांगितलं. फोटो दाखवले. वाटीच्या फोटोला लोकांनी चक्क वा म्हटलं. मग त्या शेवटच्या पानावर आल्या आणि म्हणाल्या, तेव्हा स्वच्छतेला घाबरायचं कारण नाही, हवं तसं धुवा. दाराशी मशीनवाल्याने खिशात हात घातला. ब्रशकाका उभे राहिले.

"मॅडम, ते आपोआप राहत नाही," ते म्हणाले. "मी ठेवतो."

"काय ठेवता?"

"तोच तुकडा. प्रत्येक घरी. हात ठेवतो आणि कडेने घासतो." त्यांनी डावा हात वर करून दाखवला. "तुमचं अठरा बाय नऊ म्हणजे हा हात."

 मॅडमनी विचारलं, "कशासाठी?"

"पुढच्या वर्षी मला बोलवावं म्हणून. दुसरं काही नाही. मशीनवाल्याच्या घरांत तो राहत नाही, कारण मशीनला पोट नाही. एवढं लिहा म्हणजे झालं."

"माझ्याकडेसुद्धा?" मापेसाहेबांनी न वळता विचारलं.

"टाकीच्या मागे, साहेब."

"हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

ब्रशकाकांनी कडेच्या खुर्चीकडे बघितलं नाही. "कुणी नाही," ते म्हणाले. "माझंच डोकं."

ते खाली बसले. त्यांची कानशिलं तापली होती, आणि इतकं हलकं त्यांना लग्नाआधीपासून वाटलं नव्हतं. मॅडमनी मसुद्याचं शेवटचं पान काढून घेतलं, घडी घातली, आणि चार महिन्यांचा सिद्धांत पर्समध्ये ठेवला. मग वही उघडून त्यांनी ब्रशकाकांना विचारलं, किती वर्षं, कोणत्या महिन्यात, कोणता हात. लोक उठून जायला लागले. दाराशी मशीनवाला प्रत्येकाला कार्ड देत होता, आणि बरेच जण घेत होते.

पुढच्या दोन दिवसांत अकरा घरांनी निरोप पाठवला की यंदा नको. एका बाईंनी एकतीस वर्षांच्या विश्वासाबद्दल बरंच सुनावलं; त्यांची सासू तीनदा आपटली होती, त्यातल्या एका वेळी खुबा मोडला होता.  ब्रशकाका ते ऐकून घेऊन आले आणि बादलीशेजारी बसून राहिले. काकूंनी त्यांना जेवायला वाढलं. सभेतल्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण ताटाशेजारी बसून राहिल्या, जे त्या एरवी करत नसत.

तिसऱ्या दिवशी मापेसाहेबांचा निरोप आला: सकाळी आठ वाजता या. ब्रशकाकांचं धाबं दणाणलं. या माणसाने तेहतीस वर्षं दुकानदारांच्या तागड्या जप्त केल्या होत्या. काकू म्हणाल्या, मीही येते. कशाला, असं त्यांनी विचारलं. "बोलणी खायला दोघं असलेली बरी," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

मापेसाहेब परसात उभे होते. हातात स्टीलची पट्टी, शेजारी स्टूल. ते स्टुलावर बसून, एक पाय लांब पसरून, कसेबसे टाकीमागे पोचले असावेत, कारण त्यांच्या कोपराला माती लागली होती.

"हात," ते म्हणाले.

ब्रशकाकांनी डावा हात पुढे केला. मापेसाहेबांनी पट्टी लावली. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत. मग रुंदी. मग पुन्हा एकदा लांबी, कारण एका मापावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"अठरा, नऊ," ते म्हणाले. "आणि टाकीमागचा साडेएकवीस, बारा. मी तीनदा मोजला. तुम्ही सभेत सांगितलंत, हात ठेवतो आणि कडेने घासतो, आणि हे माझंच डोकं. हा तुमचा हात नाही. मग कुणाचा?"

ब्रशकाका टाकीकडे बघत राहिले. खोटं बोलायला त्यांना एक वाक्य हवं होतं आणि ते सुचत नव्हतं.

"माझ्या वडिलांचा," काकू म्हणाल्या.

मापेसाहेबांनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"त्यांनीच यांना शिकवलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला होता. "यांच्या डोक्यात एवढं येणं शक्य नाही. जे काय बोलायचं ते मला बोला." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "पण बाबांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. तो राहिला कसा?"

आता सांगणं भागच होतं. "त्यांचं शेवटचं काम इथलंच," ब्रशकाका म्हणाले. "इथून घरी आले आणि हात जड झाला म्हणाले. पुढच्या वर्षी मी आलो, तर टाकीमागे त्यांचा हात तसाच होता. कडा थोड्या पसरलेल्या. मी माझा हात त्याच्यावर ठेवला तर तो आतच राहिला. मग मी माझ्या हाताभोवती बोटभर जागा सोडून घासलं. दर वर्षी तसंच करतो. मला त्याच्यावर पत्रा घालवेना."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? तुझ्या बाबांची चोरी जपून ठेवलीय म्हणून?"

काकू टाकीमागे गेल्या. जागा अरुंद होती. ब्रशकाकांनी बादलीतून सीटचा तुकडा काढून दिला, तो गुडघ्याखाली घेऊन त्या खाली बसल्या. भिंतीच्या तळाशी, ओलसर काळ्या फरशीवर, तो हिरवा लंबगोल होता. त्यात 'उशी' होती, एका कडेने 'चांदी' होती, आणि खालच्या अंगाला कोरीचं चकचकत होतं. काकूंनी त्याच्यावर आपला हात ठेवला. बोटांच्या पुढे दोन-तीन बोटं हिरवं उरलं, दोन्ही बाजूंनाही उरलं.

"त्यांचा हात एवढा मोठा होता," त्या म्हणाल्या. "मी विसरले होते." आणि त्या रडल्या. वडील गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा करण्यात तेरा दिवस गेले होते.

मापेसाहेब पट्टी पुसत उभे होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असलं काही मोजलेलं नव्हतं, आणि कोणत्या कलमाखाली घ्यावं हे त्यांना ठरवता येत नसावं. शेवटी त्यांनी पट्टी म्यानात घातली.

"फसवणूक आहेच," ते म्हणाले. "पण अठ्ठावीस वर्षं माप ढळलेलं नाही. यंदाचं कधी करणार?"

"यंदाचं?"

"परस निसरडं झालंय. तेवढा भाग सोडून करा. आणि वेळ घ्या, मी चहा टाकतो." ते लंगडत आत गेले.

ब्रशकाकांनी बादलीत पाणी घेतलं. पायऱ्या घासल्या, मोरी घासली, नळाभोवती घासलं. काम करत करत ते टाकीपाशी आले, पत्रा उचलला आणि वाकले. काकूंचा हात अजून तिथेच होता.

"हात काढ," ते म्हणाले. "कडेने घासून घेतो."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.

ब्रशकाका थांबले.